तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या प्रजाती येतीलच की, मग एवढं काय?

मी गवतं-झुडपं मोजायचं काम करते हे कळलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. कधी विचारणाऱ्याला खरंच कुतूहल असतं, कधी मला नुसतं गप्प करायचं असतं. शब्द इकडचे तिकडे होतात पण मुद्दा तोच, की अहो उत्क्रांती काय थांबलीय का, जुन्या प्रजाती जातात, नव्या येतात, डायनासोर गेले म्हणून तर आपण आलो, मग एवढा गळा काढायचं कारण काय? इतकी वर्षं मी "तसं नसतं हो" म्हणून विषय बदलत आले. डार्विन, फिंच पक्षी, त्यांच्या चोची हे सगळं तुम्हाला माहितीये, ते सोडून देते.

पहिली गोष्ट, तुमचं म्हणणं चूक नाहीये. चूक असतं तर बरं झालं असतं, एका वाक्यात संपलं असतं. नव्या प्रजाती येतात, आणि माणसामुळेही येतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतलं खाजणातलं एक गवत जहाजांबरोबर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचलं, तिथल्या गवताशी त्याचा संकर झाला, तो संकर वांझ होता, मग त्याच्यात गुणसूत्रं दुप्पट झाली आणि 1890 च्या आसपास स्पार्टिना अँग्लिका नावाची नवीकोरी प्रजाती तयार. शंभर वर्षंसुद्धा लागली नाहीत. मी विद्यार्थी असताना हे उदाहरण सगळ्यांना ऐकवत फिरायचे, बघा निसर्ग किती चिवट आहे म्हणून. पुढचा भाग मात्र सांगायचे नाही, की या गवताने चिखलाचे सपाट किनारे गिळत नेले आणि चिखल धरून ठेवतं म्हणून माणसानेच ते दूरदूरच्या देशांत नेऊन लावलं. एक नवी प्रजाती आली खरी, पण जाईल तिथला किनारा एकसारखा करत गेली. बेरीज धरायची का वजाबाकी?

आणि डायनासोरांचं म्हणाल तर ते जाऊन 6 कोटी 60 लाख वर्षं झाली. त्याच्याही आधी, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी जो सगळ्यात मोठा संहार झाला, त्यानंतर जीवसृष्टीची घडी नीट बसायला लाखो वर्षं गेली, काही गटांना तर कोटीच्या घरात. तेव्हा "येतीलच की" हे खरंय, फक्त ते बघायला तुम्ही-मी नसू आणि बहुतेक माणूस म्हणून कोणीच नसेल.

यावर हुशार लोक व्हिक्टोरिया तलाव काढतात. काढावाच, माझाही लाडका आहे. आफ्रिकेतला हा तलाव साधारण 15,000 वर्षांपूर्वी कोरडा पडला होता, आणि परत भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या 500 च्या आसपास प्रजाती झाल्या. भूगर्भाच्या हिशोबात हे म्हणजे चहा उकळेपर्यंत झालं म्हणायचं. मग 1950 च्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला, 1980 च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि सिक्लिडच्या जवळजवळ 200 प्रजाती दिसेनाशा झाल्या. हे बहुतेकांना माहीत असतं. मला झोप येऊ न देणारी गोष्ट दुसरी आहे. या माशांत मादी नराचा रंग बघून जोडीदार निवडते, लाल नर वेगळ्या प्रजातीचा, निळा वेगळ्या. शेतांतून आणि गावांतून वाहून आलेल्या खत-सांडपाण्याने पाणी गढूळ झालं, मादीला रंगच दिसेना, आणि जिथे पाणी गढूळ तिथे लाल-निळे एकमेकांत मिसळून गेले. कोणी मारलं नाही, जाळं टाकलं नाही. दोनाचं एक झालं, कारण ज्या उजेडात ते दोन झाले होते तो उजेडच गेला. तुम्ही म्हणता कारखाना चालू आहे ना, माल येत राहील. अहो, कारखान्यातलेच दिवे जातायत.

बरं, आता ते सांगते जे मी सहसा सांगत नाही.

एक ओलसर उतार होता. कुठला ते महत्त्वाचं नाही. माती इतकी गरीब की पिकाच्या दृष्टीने शून्य, वर्षातले काही महिने पाणी झिरपत राहायचं, आणि तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं, म्हणजे कीटक खाऊन नायट्रोजन मिळवणाऱ्या वनस्पती, आणि बोटभर उंचीची बारीक गवतं. लांबून बघितलं तर ओसाड. त्यातून रस्ता गेला, आणि रस्त्याआधीची आणि नंतरची मोजणी माझ्याकडे होती. रस्ता झाल्यावर दुसऱ्या वर्षी मोजलं तर प्रजातींचा आकडा वाढलेला. मी दोनदा मोजलं, वाढलेलाच. कडेला भराव टाकला होता, त्याच्याबरोबर घाणेरी आली, गाजर गवत आलं, आणखी पुष्कळ काय काय आलं, आणि जुनी मंडळी अजून तग धरून होती. जुने अधिक नवे, साहजिकच आकडा मोठा.

मीटिंगमध्ये मला एकच प्रश्न विचारला, आकडा वाढला की कमी झाला? मी म्हणाले, "वाढला, पण..." आणि त्या "पण"नंतर मी जे बोलले ते कोणी लिहून घेतलं नाही. नाही, इथे खोटं बोलायला नको. मी फार बोललेच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे आकडा मागत होतं, समोर बसलेली माणसं माना डोलवत होती, मला बरं वाटत होतं. सविस्तर रिपोर्टमध्ये आहे म्हणून मी खाली बसले. रिपोर्टमध्ये होतंच, बऱ्याच आतल्या पानावर, की हा वाढलेला आकडा फसवा आहे, अशा ठिकाणी जुन्या प्रजाती लगेच जात नाहीत, उधारीवर जगतात. आमच्यात त्याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात. ते पान कोणी उघडलं नाही. "कामामुळे वनस्पतींची विविधता वाढल्याचे आढळले" एवढं वाक्य माझ्या नावासकट पुढच्या अर्जाला जोडलं गेलं आणि उरलेल्या उतारावर चर खणून पाणी काढून टाकायची परवानगी मिळाली.

पाणी काढल्यावर तिसऱ्या वर्षी मी स्वतःच्या खर्चाने गेले. कमरेइतकं गवत होतं, हिरवंगार, कोणालाही सुंदर वाटेल असं. मी गुडघ्यावर बसून गवत बाजूला करत दवबिंदू शोधला, सकाळपासून दुपारपर्यंत. एकही मिळाला नाही. जुन्या खुणेची एक लोखंडी खुंटी मिळाली, गंजलेली, माझ्याच हाताने ठोकलेली. माझ्याबरोबर आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, केवढं हिरवं झालंय!" मी त्याला काही बोलले नाही.

इथे माझीच जुनी मी वाद घालते. ती म्हणते, अगं पण तू आकडा खोटा नाही दिलास. खरंय. आणि ती पुढे म्हणते, जगभर हेच दिसतंय, 2014 मध्ये एका अभ्यासात 100 ठिकाणच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा प्रत्येक ठिकाणचा आकडा सरसकट घसरताना दिसला नाही, कुठे वाढला, कुठे घटला. न्यूझीलंडमध्ये मूळच्या वनस्पती 2,000 च्या आसपास, आणि बाहेरून येऊन रानात रुजलेल्याही जवळपास तेवढ्याच, म्हणजे दुप्पट विविधता, कर की साजरी! हेही खरंय. पण त्याच 2014 च्या अभ्यासात हेही होतं की आकडा जागेवर असला तरी आतली माणसं बदलत होती (माणसं म्हणजे प्रजाती, सवय झालीय). व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञाने 1960 मध्येच सांगून ठेवलंय की एका ठिकाणी किती प्रजाती हे वेगळं आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे गेल्यावर किती बदल होतो हे वेगळं. मी पहिलं मोजत बसले आणि हरवत होतं ते दुसरं. घाणेरी आणि गाजर गवत कुठेही मिळतं. दवबिंदू कुठेही मिळत नाही.

आणि गरीब मातीचं जे लोकांना पटतच नाही ते सांगते, कारण तो उतार "नुसता पडीक" म्हणून गेला. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला केप प्रदेशात माती निकृष्ट, आणि तिथे 9,000 च्या आसपास वनस्पती, त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त दुसरीकडे कुठेच नाहीत. विषुववृत्ताजवळ विविधता जास्त हा सगळ्यांना पाठ असलेला नियम, आणि हा प्रदेश त्या नियमाला न जुमानता बसलाय. उलट इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला 1856 पासून एका गवताळ जागेत प्रयोग चालू आहे, काही पट्ट्यांना खत देतात, काहींना काहीच नाही. खत न दिलेल्या पट्ट्यात 35-40 प्रजाती, आणि अमोनियाचं भरपूर खत दिलेल्या आंबट पडलेल्या पट्ट्यात दोन-तीन. हिरवं कुठलं जास्त दिसत असेल सांगा बघू.

तर एवढं काय, असं परत विचाराल तर माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही. दवबिंदूवाचून कोणाचं काय अडलं? कोणाचंच नाही. माझंही नाही, पगार चालू आहे. "उपयोगी असतं" हे उत्तर मला देता येतं, दिलंय, आणि देताना दर वेळी आपण काहीतरी विकतोय असं वाटलंय. आणि आकडे द्यायचं बंद करावं तर "काहीतरी आहे" एवढ्यावर कोण थांबणार? 2019 मध्ये दहा लाख प्रजाती धोक्यात आहेत असा आकडा आला तेव्हाच दोन दिवस सगळे थांबले होते.

परवा एक फॉर्म आला. "एकूण प्रजाती" असा एक रकाना, आणि शेऱ्यासाठी अर्धी ओळ. मी रकाना रिकामा ठेवला आणि वेगळी दोन पानं जोडली. अपूर्ण माहिती म्हणून परत आला. मग भरला.