टीव्हीची भिंत

घरात 43 इंची टीव्ही आला, आणि लोट्याला चार भिंती असून टीव्हीला एकही नाही हे तेव्हा कुठे लक्षात आलं. (लोटो म्हणजे आमच्या मालवणकडची ओटी. कुणी ‘हॉल’ म्हटलं की आजी इकडेतिकडे बघते.)

जुन्या टीव्हीचं असं नव्हतं. त्याच्या पाठीत लांबलचक पिक्चर ट्यूब, त्यामुळे त्याची जागा कोपऱ्यात, हे ठरलेलंच. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तरी आमचा डबा पुढे कित्येक वर्षं काळापांढराच होता. पण त्याचा कोपरा असा निवडलेला की दार उघडं टाकलं की पडवीत बसलेल्यांना आणि खळ्यात उभं राहिलेल्यांनाही दिसावं. बाबा कौलांवर चढून अँटेना फिरवत ओरडायचे, “इला काय?” आणि खालून अख्खी वाडी एका सुरात, “मुंग्याऽऽ!”

आता टीव्ही सपाट, म्हणजे त्याला भिंत हवी. पूर्वेच्या भिंतीत दार आणि दोन खिडक्या. दक्षिणेची भिंत पावसाळी. नैर्ऋत्येची झड अडवायला बाहेरून झापं बांधली तरी जुलैत तिला हात लावला की तळवा ओला होतो. उत्तरेला वळयीचं, म्हणजे आतल्या खोलीचं दार, स्विचबोर्ड आणि फोटोतले पणजोबा, आजोबा, मोठे काका. या तिघांना खाली उतरवायचं कुणी? दादाने मध्यम मार्ग काढला. दोन फोटो जरा सरकवू, मधे टीव्ही.

डिशवाल्याने ड्रिल लावलं. वरचं प्लॅस्टर संपलं, आत जांभा दगड, आणि भुरुभुरू तांबडी भुकटी खाली आली. चिरा घराला शंभर वर्षं पेलतो, पण ड्रिलच्या भोकात स्क्रूची गिट्टी काही धरून ठेवत नाही. नेमका सच्छिद्र भाग लागला की गिट्टी बोटाने बाहेर येते. दुसरं भोक पडलं ते दोन चिऱ्यांच्या सांध्यात, तिथे नुसती माती. “ह्या भितीर माझी गॅरंटी नाय,” म्हणून तो चहा पिऊन गेला. भोकं अजून आहेत. आजोबांना थोडं खाली घेऊन झाकलीत.

उरली पश्चिमेची भिंत. मोठी, कोरडी, रिकामी. पण रिकामी कशी म्हणायची? ती गणपतीची. चतुर्थीच्या आधी तिच्यावर रंगीत चित्र काढायचं, पुढे माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, बांधायची. दादाने तिकडे नुसती टेप नेली तर आजी म्हणाली, “आणि गणपती खंय बसतलो? टीव्हीच्या डोक्यार?”

तेव्हा भाताच्या जुन्या पेटीवर ठेवायचा असं ठरलं. चतुर्थीला उचलून वळयीत. मग भांडण उंचीवर आलं. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण कुणाच्या? बाबा आरामखुर्चीत आडवे, आजी पाटावर, मुलं चटईवर पालथी. या घरात दोन माणसांचे डोळे एका उंचीवर येतात ते फक्त जेवताना. शेवटी जी पेटीची उंची तीच टीव्हीची.

दारासमोरच असल्यामुळे सकाळी नऊपर्यंत पडद्यावर ऊन असतं आणि बातम्या नुसत्या ऐकू येतात. पडदा लावू म्हटलं तर दिवसाउजेडी दार झाकायला आजीची परवानगी नाही. मला मात्र वेगळंच चुकचुकतं. पूर्वी लोट्यावरची सगळी माणसं खळ्याकडे तोंड करून बसत. पाणंदीने कोण गेलं, कुणाच्या हातात मासळीची पिशवी, सगळं कळायचं. आता सगळ्यांच्या पाठी दाराकडे. येणारा पायरीवर खाकरतो तेव्हा आमच्या माना वळतात.

आजीची वळत नाही. तिने काय शोधून काढलं ते मला परवा दुपारी समजलं. बंद टीव्हीसमोर ती पाटावर बसली होती, अगदी मन लावून. वाटलं, कंटाळली असेल, म्हणून रिमोट उचलला. तिने माझा हात धरला. काळ्या काचेत आमचं दार, दारातून खळं, तुळस, त्यामागे उन्हात पांढरी झालेली पाणंद.

“रव जरा,” ती म्हणाली. “कोणतरी येता हा.”