आमची वाटचाल: हातोड्यापासून प्रेसपर्यंत

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये सुरुवातीला बॉल जॉइंटचं, म्हणजे सस्पेन्शनचा दांडा (आर्म) आणि चाक धरणारा भाग (नकल) जोडणाऱ्या फिरत्या सांध्याचं, काम हातोडा आणि पहार एवढ्यावरच चालायचं. आता प्रेस (दाबून बसवायचं यंत्र), पुलर (ओढून सोडवायचं अवजार), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं कसायचा पाना) सगळं आहे. पण कामात खरी सुधारणा झाली ती तपासणीमुळे.

पिंपळगाव, लासलगाव भागातून माल भरून कसारा घाट उतरणाऱ्या पिकअप आमच्याकडे जास्त येतात. तक्रार ठरलेली: खड्ड्यात खटखट, पुढचं टायर एका कडेला घासलेलं, गाडी ओढते. पूर्वी खटखट म्हटलं की जॉइंट बदलून मोकळे. आता आधी चाक उचलतो, आणि जॅक कुठं लावायचा ते सस्पेन्शन बघून ठरवतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीचा) भार खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्याच आर्मखाली, जॉइंटच्या जमेल तितका जवळ. चेसिसखाली लावला तर जॉइंटवरचा दाब सुटत नाही आणि झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या) कारचं चाक मात्र लोंबतं ठेवायचं आणि आर्म व नकल यांच्यामध्ये पहार घालून उचकून बघायचं.

चाक वर-खाली धरून हलवताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतो. खेळ (ढिलेपणा) गेला, तर दोष व्हील बेअरिंगचा. डावी-उजवीकडे धरल्यावर हलतंय, तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बघायचा. लीफ स्प्रिंगच्या मोठ्या ट्रकला पुढच्या ॲक्सलवर किंग पिन (बॉल जॉइंटऐवजी जाड खीळ) असते, तिथं हा हिशोबच वेगळा.

जॉइंट जाण्याचं मूळ बहुतेक वेळा रबर बुटात (जॉइंटवरच्या रबरी आवरणात) सापडतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं आणि इगतपुरीच्या पावसातलं पाणी-चिखल आत जातो. निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या जॉइंटमध्ये ग्रीस भरताना बूट जरासा फुगला की थांबायचं. जास्त रेटलं तर तोच फाटतो.

खोलताना स्प्रिंगची भीती बाळगावीच लागते. गाडी घोडीवर (स्टँडवर), आर्मखाली जॅक, आणि स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी खीळ) काढल्यावरही नट पूर्ण काढायचा नाही. तीन-चार आटे अडकलेले ठेवायचे. टेपर (जॉइंटच्या दांड्याचा, म्हणजे स्टडचा, निमुळता भाग) सुटला की आर्म झटक्यात खाली येतो, तो या नटावर अडतो. पुलरनं सुटला नाही, तर नकलच्या डोळ्यावर (स्टड बसतो त्या भोकाच्या कड्यावर) बाजूनं हातोडा मारतो, स्टडच्या टोकावर कधीच नाही. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे त्याआधीच बघतो.

प्रेसनं बसणारा जॉइंट बाहेरच्या कडेवर दाबायचा. झाकणावर दाब दिला की आतला कप चेपतो आणि नवा जॉइंट पहिल्याच दिवशी जड फिरतो. बोअर (जॉइंट बसतो ते आर्मचं भोक) साफ करून, जॉइंट सरळ धरून दाबायचा. तिरका शिरला तर आर्मच वाया. रिव्हेटचा असेल तर डोकी ग्राइंडरनं उडवून जॉइंटसोबत आलेलेच बोल्ट लावतो. बऱ्याच छोट्या कारना जॉइंट आर्मसकटच येतो, तिथं अख्खा आर्म बदलावा.

टेपर कोरडा पुसून घ्यायचा, त्याला ग्रीस लावायचं नाही. नट त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे कसायचा. मागे सैल करून पिन घालणं आमच्याकडे बंद आहे. आर्म उतरवला असेल, तर बुशचे (आर्मच्या गाडीकडच्या टोकातल्या रबरी जोडाचे) बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे कसतो. हवेत कसले तर रबर पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). ती टाळली तर नवीन टायरही तसंच घासतं.

जुना जॉइंट गिऱ्हाईकाच्या हातात देतो. नव्याचा स्टड बोटानं ढकलावा लागतो. जुन्याचा नुसता तिरका धरला तरी आपोआप पडतो, आणि बुटातून विटकरी रंगाचं पाणी गळतं.