झीरो एफएक्सई, ऑन्टारियो आणि "सीसी किती?"

साताऱ्यात आबांच्या स्प्लेंडरवर मी गिअर टाकायला शिकले. कॅनडात आल्यावर सहा वर्षं दुचाकीला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी पुण्याला गेले तेव्हा भावाच्या इलेक्ट्रिक चेतकवर आकुर्डीपासून निगडीपर्यंत एक चक्कर मारली आणि परतीच्या विमानातच ठरवलं की घ्यायची तर बॅटरीवरचीच, पण पूर्ण मोटरसायकल. आता ती, झीरो कंपनीची एफएक्सई, गॅरेजमध्ये उभी आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला जे जे करावं लागलं ते नोंदवून ठेवते. ऑन्टारियोत कुणाला हाच रस्ता धरायचा असेल तर कागदांचा क्रम आधी कळलेला बरा.

९ एप्रिल २०२४

एम१ची, म्हणजे मोटरसायकलच्या शिकाऊ परवान्याची, लेखी परीक्षा पास झाले. भारतातला दुचाकीचा परवाना इथे बदलून मिळत नाही, तिकडे वीस वर्षं चालवली असली तरी सुरुवात एम१पासूनच. डोळ्यांची तपासणी आणि प्रश्नपत्रिका झाली की कागद हातात मिळतो. एम१वर फक्त उजेडात चालवायची, मागे कुणाला बसवायचं नाही, दारूचा थेंबही नको, आणि ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांवर जवळपास बंदीच.

गणित नीट बघा. एम२ला, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या परवान्याला, जाण्याआधी किमान ६० दिवस काढावे लागतात आणि एम१ ९० दिवसांत संपतो. म्हणजे हातात उरतात तीस दिवस. मला ८ जूननंतर आणि ८ जुलैच्या आत सगळं उरकायचं होतं. वसंत ऋतूत प्रशिक्षणाचे वर्ग भराभर भरतात, म्हणून परीक्षेच्या आधीच मे महिन्यातला शनिवार-रविवारचा वर्ग ठरवून टाकला होता. मान्यताप्राप्त वर्ग केला की एम१ची रस्त्यावरची परीक्षा तिथेच होते, आणि एम२चा एकूण काळ २२ महिन्यांवरून १८ वर येतो.

१८-१९ मे

वर्गात छोट्या पेट्रोलच्या गाड्या होत्या. क्लच, पहिला गिअर, आठचा आकडा, अचानक ब्रेक. "मला तर इलेक्ट्रिक घ्यायची आहे, क्लच कशाला शिकू" असा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्या. परवाना मोटरसायकलचा मिळतो, कुठलीही चालवता येते, आणि हळू वेगात तोल सांभाळायची सवय दोन्हींना सारखीच लागते. मर्यादित वेगाच्या मोपेडवर परीक्षा दिली तर परवान्यावर तशी अट पडते, मोठी गाडी चालवता येत नाही. इलेक्ट्रिक स्कूटरवर परीक्षा द्यायचा बेत असेल तर हे आधी विचारून घ्या.

१० जूनला एम२ हातात आला. आता ४०१ या हायवेवर जायला कायद्याची आडकाठी नाही.

मधल्या काळात बाजार पाहत होते

इथे एक मोठा घोळ आहे. "इलेक्ट्रिक बाइक" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली ई-बाइक, म्हणजे ५०० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी ३२ किलोमीटरपर्यंत वेग. तिला नंबरप्लेटही नको आणि परवानाही नको, वय १६ आणि डोक्यावर हेल्मेट हवं. दुसरी रानात पळवायची हलकी इलेक्ट्रिक गाडी. दिसायला अगदी मोटरसायकल, वेगही भरपूर, किंमत मोहात पाडणारी. पण तिच्यावर कॅनडाच्या मोटार वाहन सुरक्षा मानकांनुसार बनवल्याचं लेबल नसतं, त्यामुळे रस्त्यासाठी तिची नोंदणी होत नाही. आरसे आणि इंडिकेटर लावून तिला रस्त्याची करता येत नाही, विकणारा काहीही सांगो. तिसरी खरी मोटरसायकल. फ्रेमवर सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि शेजारी ते लेबल. गाडी बघायला गेलात की आधी स्टिअरिंगच्या मानेजवळ वाकून हे दोन बघा, रंग नंतर.

मला तिसरी हवी होती आणि नवी परवडत नव्हती. केंद्र सरकारचं इलेक्ट्रिक गाड्यांचं अनुदान दुचाकीला लागू नव्हतं. क्युबेकमध्ये मोटरसायकललाही अनुदान मिळत होतं, पण ते तिथल्या रहिवाशांना. म्हणून वापरलेली शोधली आणि २०२२ची झीरो एफएक्सई सापडली, ग्वेल्फमध्ये, एका वयस्कर गृहस्थांकडे. ७.२ किलोवॅट-तासांची बॅटरी, वजन साधारण १३५ किलो, साखळीऐवजी पट्टा. बॅटरीला कंपनीची पाच वर्षांची हमी, अंतराची मर्यादा नाही.

१५ जून, ग्वेल्फ

किल्ली फिरवल्यावर पहिली दोन सेकंदं काहीच होत नाही. मग सीटच्या खालून एक जाडसर "टक्" ऐकू येतो. तो कॉन्टॅक्टरचा आवाज. बॅटरी आणि मोटरच्या मधला मोठा स्विच जोडला गेला की येतो. तो स्वच्छ, एकदाच आला की बरं वाटतं. मग स्क्रीन लागते. मी घरून वीज मोजायचं छोटं यंत्र नेलं होतं. त्यांच्या गॅरेजच्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगमध्ये ते लावलं आणि त्यात गाडीची वायर खोचली. आकडा सातशे वॅटच्या आसपास जाऊन स्थिर राहिला. या गाडीतला चार्जर ६५० वॅटचा आहे, थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणजे हिशेब जुळला. पाऊण तास आम्ही चहा पीत बसलो आणि आकडा हलला नाही. वापरलेल्या पेट्रोल गाडीचं इंजिन ऐकून जे कळतं, ते इथे या यंत्रावर कळतं.

मी विम्याशिवाय चालवायला तयार नव्हते, म्हणून त्यांनीच समोरून दोन फेऱ्या मारून दाखवल्या. ४,३०० किलोमीटर झालेले. मागचा टायर मधोमध सपाट व्हायला लागलेला, पट्ट्याचे दात शाबूत. १०,५०० डॉलरवर सौदा ठरला.

विम्याचे चार दिवस

ही गोष्ट लांबवून सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

ऑन्टारियोत विम्याशिवाय प्लेट मिळत नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीसाठी किमान दोन लाख डॉलरचं संरक्षण कायद्याने लागतं. मी पहिल्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "सीसी किती?" मी म्हटलं, इलेक्ट्रिक आहे, सीसी नाही. "हो, पण सीसी किती?" मी किलोवॅट सांगितले. त्यांच्या पडद्यावर त्या रकान्यात शून्य स्वीकारलं जात नव्हतं आणि तो रिकामाही ठेवता येत नव्हता. चाळीस मिनिटांनंतर उत्तर आलं की या गाडीचा विमा आम्ही उतरवत नाही.

दुसऱ्या कंपनीने सीसीच्या जागी मनानेच ६०० घातले आणि हप्ता सांगितला. तो ऐकून मी घाबरले. त्याहून जास्त भीती वाटली ती कागदावर चुकीचा आकडा जाण्याची. उद्या अपघात झाला आणि "तुम्ही चुकीची माहिती दिलीत" असं कुणी म्हणालं तर? मी नको म्हटलं. तुम्हीही नको म्हणा. कागद स्वस्त असो की महाग, आत जे लिहिलंय ते खरं हवं.

शेवटी एका ब्रोकरकडे गेले. त्याने व्हीआयएन घेतला, मॉडेलचं नाव घेतलं, आणि इलेक्ट्रिकसाठी वेगळा रकाना असलेली कंपनी दुसऱ्या दिवशी शोधून दिली. वर्षाचा हप्ता १,१४० डॉलर. नव्या चालकाला हे जड आहे, पण आधीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी. माझा सल्ला असा: गाडीचे पैसे द्यायच्या आधी व्हीआयएन घेऊन थेट ब्रोकर गाठा, विम्याचा आकडा हातात येऊ द्या, मग सौदा पक्का करा. ग्वेल्फचे गृहस्थ चार दिवस थांबले. सगळे थांबतीलच असं नाही.

सेफ्टी

ऑन्टारियोत वापरलेली गाडी चालवण्यायोग्य म्हणून नोंदवायला सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट लागतं, आणि ते ३६ दिवसच चालतं. मोटरसायकल तपासायचा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळतं. जवळच्या दुकानाने "इलेक्ट्रिकला आम्ही हात लावत नाही" म्हणून परत पाठवलं. खरं तर तपासायचं असतं ते ब्रेक, टायर, दिवे, हॉर्न, आरसे, चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या बेअरिंग. बॅटरी कुणी उघडत नाही. दुसऱ्या दुकानातल्या तरुण मेकॅनिकने हे लगेच ओळखलं, तासाभरात काम केलं, आणि मागचा टायर या मोसमापुरताच आहे असं मला बजावलं.

२२ ते २५ जून

विक्री झाली की सहा दिवसांच्या आत खरेदीदाराने गाडी आपल्या नावावर करायची असते. विकणाऱ्याने द्यायचा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज, २० डॉलरचं. त्यात आधीचे मालक, किलोमीटरच्या नोंदी, आणि गाडीवर कर्ज थकलेलं आहे का हे कळतं. विकणारा "त्याची काय गरज" म्हणाला तर उठून घरी या. आमच्या गृहस्थांनी ते आधीच काढून ठेवलं होतं.

आपल्याकडच्या लोकांना इथे एक गोष्ट उलटी वाटते. एमएच-११ असो की एमएच-१२, तो नंबर गाडीचा असतो, गाडी विकली की नंबरही जातो. ऑन्टारियोत प्लेट मालकाची. ग्वेल्फच्या गृहस्थांनी पाना आणला, आपली प्लेट काढून घेतली आणि मला परमिटचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा, गाडीचा भाग सही करून दिला. प्लेटचा भाग त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे गाडी चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या पटेलभाईंचा पिकअप, एक रॅम्प आणि चार पट्टे. १३५ किलो दोघांनी चढवले.

मंगळवारी सर्व्हिसऑन्टारियो या सरकारी सेवा केंद्राच्या खिडकीवर परवाना, परमिट, ते पॅकेज, सेफ्टी आणि विम्याची गुलाबी स्लिप असा गठ्ठा ठेवला. खाजगी खरेदीवर १३ टक्के कर तिथेच भरावा लागतो. १०,५०० वर १,३६५ डॉलर. बजेट करताना हा धरला नाही तर ऐनवेळी धावपळ होते. प्लेटच्या वार्षिक स्टिकरचं शुल्क मात्र ऑन्टारियोने मार्च २०२२मध्ये बंद केलं, मोटरसायकललाही. वीस मिनिटांत काम झालं. खिडकीपलीकडच्या माणसाने सीसी विचारली नाही, इंधनाच्या जागी इलेक्ट्रिक निवडलं आणि प्लेट सरकवली. मोटरसायकलची प्लेट छोटी असते, पांढऱ्यावर निळी अक्षरं, फक्त मागे एक.

हेल्मेट: पुण्याहून आणलेलं आयएसआयचं हेल्मेट इथे चालत नाही. डीओटी, स्नेल किंवा ईसीईचा शिक्का बघून घ्या.

जुलै-ऑगस्ट

चार्जिंग गॅरेजच्या साध्या प्लगवर. शून्यापासून पूर्ण भरायला साडेनऊ-पावणेदहा तास लागतात, म्हणजे रात्रभराचं काम. आम्ही विजेचा अल्ट्रा-लो ओव्हरनाइट प्लॅन घेतला आहे. २०२४च्या त्या उन्हाळ्यात रात्री ११ ते सकाळी ७ युनिटला २.८ सेंट होते, आणि सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ४ ते ९ तेच २८.६ सेंट. टायमर लावून टाकला. पूर्ण चार्ज रात्रीच्या दराने धरला तर विजेचे जेमतेम १९-२० सेंट पडत, वीज पोहोचवण्याचं शुल्क वेगळं.

सेंट जेकब्सच्या बाजारापर्यंत शनिवारी सकाळी जाते. त्या रस्त्यावर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या असतात. पेट्रोलच्या मोटरसायकलींचा आवाज आला की घोड्याचे कान मागे पडतात. माझ्या गाडीला घोडा वळूनही बघत नाही. मी तरी वेग कमी करून, लांबून वळसा घालून जाते, कारण आवाज नसलेली वस्तू एकदम शेजारी आली तरी जनावर दचकू शकतं.

रेंजची माझी नोंद: ८०च्या खाली, गावरस्त्यांवर ११० किलोमीटरपर्यंत आरामात. ४०१वर शंभरच्या वेगाने केंब्रिजला गेले तेव्हा टक्के डोळ्यांदेखत उतरले. वारा समोरून असेल तर आणखी. ही गाडी हायवेवर जाऊ शकते, पण तिचं घर तिथे नाही.

१२ ते १४ सप्टेंबर, पोर्ट डोव्हर

लेक ईरीच्या काठावरच्या या गावात १९८१पासून प्रत्येक तेरा तारखेच्या शुक्रवारी मोटरसायकलवाले जमतात. पहिल्या वेळी पंचवीसेक मित्र होते, आता हजारो येतात. १३ सप्टेंबर शुक्रवार होता.

जाता येता एका चार्जमध्ये जमणार नव्हतं, आणि ६५० वॅटने वाटेत तासभर थांबून दहाच किलोमीटर मिळतात. म्हणून गुरुवारी दुपारी निघाले, केंब्रिज आणि ब्रँटफर्डवरून आतल्या रस्त्यांनी सिमकोपर्यंत, ८५ किलोमीटर. तिथे ओळखीच्या जोशी काकूंच्या गॅरेजमध्ये प्लग होता. शेवटच्या टप्प्यात जिनसेंगची शेतं लागली, वर काळं जाळीचं कापड ताणलेलं, मैलोन्मैल. पोहोचले तेव्हा २३ टक्के शिल्लक होते. काकूंनी दारातच विचारलं, "अगं, आवाजच नाही आला, बंद पडली का वाटेत?" रात्री त्यांच्या पिठलं-भातावर ताव मारला आणि गाडीही भरली.

सकाळी सिमकोहून पोर्ट डोव्हर चौदा-पंधरा किलोमीटर. मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना क्रोमच्या रांगा, धूर, गडगडाट. मी हळूच आत घुसून दोन मोठ्या गाड्यांच्या मधल्या फटीत लावली. शेजारचा पांढऱ्या दाढीचा माणूस मी किल्ली काढण्याआधीच जवळ आला आणि बॅटरीच्या डब्यावर हात ठेवून विचारू लागला, किती लांब जाते, थंडीत काय करतेस. मी सांगितलं की शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, हिवाळ्यात साठेक टक्क्यांवर ठेवून गॅरेजमध्ये उभी करणार. मग त्याने विम्याचं विचारलं. त्यालाही एक घ्यायची होती आणि त्यालाही सीसीवरूनच परत पाठवलं होतं. ब्रोकरचं कार्ड माझ्या जॅकेटच्या खिशात होतं, ते त्याला दिलं.

पुढचं काम मागचा टायर. एप्रिलच्या आधी बदलते आणि नोंद करते.