अवतरणचिन्हांच्या वादात निसटलेली ओळ

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात एक कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड सहकाऱ्यांनी तपासणे, तीन दिवस चालला होता. त्यातले बहुतेक शेरे अवतरणचिन्हे एकेरी असावीत की दुहेरी, लांब ओळ कुठे मोडावी, इंपोर्ट कोणत्या क्रमाने लिहावेत, अशा गोष्टींवर होते. सगळ्यांचे समाधान झाल्यावर बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला आणि आठवडाभरात एका ग्राहकाच्या बिलात दुसऱ्याच ग्राहकाच्या वस्तू दिसू लागल्या.

चूक एकाच ओळीत होती. बिलात वस्तू भरणाऱ्या फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून, म्हणजे कॉल करताना काही न दिल्यास धरायचे मूल्य म्हणून, रिकामी लिस्ट दिलेली होती. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत अशी लिस्ट दर कॉलला नव्याने तयार होत नाही. फंक्शनची व्याख्या होते तेव्हा ती एकदाच तयार होते, आणि पुढे लिस्ट न देता केलेला प्रत्येक कॉल त्याच लिस्टमध्ये भर घालत जातो. डीफॉल्ट ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) ठेवून लिस्ट फंक्शनच्या आत तयार करणे, एवढाच त्यावरचा उपाय. ती ओळ चौघांनी वाचली होती. मी तर तिच्यावर शेराही लिहिला होता, स्वल्पविरामानंतर जागा सोडण्याबद्दल. पायलिंट हा कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणारा ‘लिंटर’ हीच चूक कोणतेही वेगळे सेटिंग न करता दाखवतो, पण आम्ही तो कधी चालवलाच नव्हता.

माणसाचे लक्ष मोजकेच असते आणि ते मांडणीवर खर्च झाले की अर्थासाठी उरत नाही, हे मला त्या दिवशी पटले. अर्थात मांडणी क्षुल्लक नसते. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (म्हणजे थेट ‘फेल’ या ठिकाणी जा) ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. दुसरी ओळ ‘इफ’ या अटीच्या कक्षेबाहेर असूनही तितकीच आत सरकवलेली असल्याने ती त्याच अटीतली वाटत होती, आणि तिच्यामुळे सहीची पडताळणीच टळत होती. अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल (ओळ आत सरकवण्याबद्दल) सावध करणारी वॉर्निंग जीसीसी कंपायलरमध्ये २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत आली.

आम्ही मांडणी ब्लॅक या कोड आपोआप मांडणाऱ्या फॉरमॅटरकडे सोपवली. तो ओळ ८८ अक्षरांपर्यंत जाऊ देतो आणि अवतरणचिन्हे दुहेरी करतो. मला एकेरी आवडतात, तरी मी हट्ट सोडला. जुना कोड एकदाच, निव्वळ फॉरमॅटिंगच्या स्वतंत्र कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) बदलला आणि त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवून ती फाइल गिटला (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला) सांगितली, म्हणजे ब्लेम (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ही माहिती) पाहताना गिट ती कमिट वगळतो आणि ओळ मुळात कोणी व का लिहिली ते दिसत राहते. ही सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे, आणि जुन्या प्रकल्पात तिच्याशिवाय फॉरमॅटर आणू नये, असे माझे ठाम मत आहे.

लिंटरचे सगळे नियम मात्र एकदम लावले नाहीत. पहिल्याच दिवशी हजारभर वॉर्निंग दिसल्या की लोक त्या वाचणेच सोडून देतात. म्हणून आधी खऱ्या चुका पकडणारे मोजके नियम घेतले, आणि एखादा नियम कुठे वगळायचा असेल तर शेजारी कारण लिहिणे सक्तीचे केले. हीच तपासणी कमिटच्या आधी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आणि नंतर सर्व्हरवर, साधनांच्या त्याच आवृत्तींनिशी होते.

परवाच्या रिव्ह्यूत तीनच शेरे होते. त्यातल्या एकावर आम्ही अर्धा तास बोललो: कराची रक्कम प्रत्येक वस्तूवर राउंड करायची की एकूण बिलावर?