तारणाविना मिळालेले शैक्षणिक कर्ज : माझा अनुभव

2022 साली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मला कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीमुळे निम्मे शिक्षण शुल्क सुटणार होते; तरीही उरलेले शुल्क, वसतिगृह, मेस आणि पुस्तके धरून चार वर्षांचा खर्च पाच लाखांच्या घरात जात होता. गावी वडिलांचा तीस गुंठे ऊस आहे आणि सातबाऱ्यावर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा.

ज्या शाखेत आम्ही गेलो, तेथे प्रथम सांगण्यात आले की तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही. दुसऱ्या खेपेस उत्तर बदलले : आधी बोजा उतरवा आणि जमीन तारण द्या. वडील पाहुण्यांकडून हातउसने घेऊन सोसायटी भागवायला निघाले. परतताना दसरा चौकातील बोर्डिंगे दिसली. दूरच्या गावांतील मुलांना शिकता यावे म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, त्यांना जागा दिल्या. त्याच शहरात शिकण्यासाठी आमच्याकडे जमीन मागितली जात होती, हे मला फार लागले.

गावातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी वडिलांना थांबवले. निवासस्थान सेवाक्षेत्रात नाही, एवढ्या कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2012 मध्येच बँकांना कळवले आहे, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तारण लागत नाही, उलट अशा कर्जासाठी केंद्राचा पत हमी निधी थकीत रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत बँकेला हमी देतो, हे त्यांनी समजावून सांगितले.

मग मी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला. शिवाय शाखेत लेखी अर्ज देऊन, कर्ज नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे अशी विनंती केली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. ही पोच माझ्या मते साऱ्या कागदांत मोलाची; त्यानंतर तोंडी नकार आला नाही. वडील सहकर्जदार झाले आणि कर्ज मंजूर झाले.

व्याज अनुदानासाठी मात्र स्वतः विचारावे लागले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला जोडल्यावर, शिक्षणाचा काळ आणि पुढील एक वर्ष यांचे व्याज केंद्र शासन भरते. पण महाविद्यालय किंवा अभ्यासक्रम मानांकित असावा लागतो, म्हणून प्रवेशापूर्वीच चौकशी करावी.

पहिला हप्ता थेट महाविद्यालयाच्या खात्यावर जमा झाला. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर तसाच राहिला, आणि नेहमीप्रमाणे उसाचे बिल आल्यावर वडिलांनी त्या वर्षीचे पीककर्ज फेडले.