दव समजलो, निघाला कोळी

डोंगर उतरताना उशीर झाला, अंधार पडला म्हणून हेडटॉर्च लावली, तर वाटेकडेच्या गवतात हिरवट-निळा ठिपका चमकला. म्हटलं दव असेल, पण हे दव चक्क चालायला लागलं राव! मित्राला दाखवतोय तर त्याला काहीच दिसेना, म्हणे तू दमलायस, चल गप. त्याची टॉर्च हातात होती, कमरेपाशी. नंतर वाचलं की या कोळ्यांच्या काही डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, उजेड जिथून आला तिकडेच परत फेकतो, म्हणून टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरली तरच चमक दिसते. तेव्हा मित्राने टॉर्च कपाळाला टेकवून धरली आणि मग जो ओरडला!

जवळ गेलो तर तपकिरी, केसाळ, अंगावर पट्टे, जाळंबिळं काही नाही, आणि मागे एक फिकट गोळी चिकटलेली. केस दिसले की माझं आपलं एकच, टॅरँट्युला. धडाधड पंधरा-वीस फोटो काढले, सगळे वरून, आणि हीच चूक झाली.

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी टाकायच्या अ‍ॅपवर टाकले तर त्याने वुल्फ स्पायडर सुचवला, खाली नर्सरी वेब स्पायडरपण. दोन्ही तपकिरी, दोन्ही पट्टेवाले, मी रंग जुळवत बसलो तासभर, काही उपयोग नाही. मग एकाने विचारलं, तोंडाचा फोटो आहे का? डोळे बघायचेत. नशीब, एक तिरका फोटो होता, ब्लर, पण झूम केल्यावर मोजता आले: खाली चार बारीक एका ओळीत, वर दोन मोठ्ठे, त्याच्या मागे अजून दोन. आठ डोळ्यांची ही मांडणी वुल्फ स्पायडरची, म्हणजे लायकोसिडी कुळाची.

पण खरा पुरावा ती गोळी होती, जी मी क्रॉप करून टाकणार होतो! ती अंड्यांची पिशवी. नर्सरी वेबची मादी ती जबड्यात, पोटाखाली धरून फिरते, वुल्फची मादी मागे, धागा सोडणाऱ्या अवयवांना चिकटवून ओढते. पिल्लं बाहेर आली की आईच्या पाठीवर चढून बसतात म्हणे, ते बघायला मिळालं असतं तर काय मजा आली असती.

आता नेमकी जात कुठली? तिथे गाडी अडली. जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींनी 2022 मध्येच 50,000 चा आकडा ओलांडलाय, आणि वुल्फमधल्या बऱ्याच जाती वेगळ्या ओळखायच्या तर मादीच्या पोटाखालचा जननेंद्रियाचा भाग मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. त्यासाठी ती पकडून मारायची? पिशवी घेऊन चाललेली? नाही बुवा. नोंदीवर फक्त कुळाचं नाव आहे, राहू दे तसंच.

मित्र अजून टॅरँट्युलाच म्हणतो. पण टॉर्च मात्र आता कपाळावर बांधून चालतो.