तिबोटी, पण बोटं मोजणार कोण?

ओढ्यावरून केशरी-जांभळं काहीतरी सुर्रकन गेलं. मी त्याला साधा खंड्याच समजत होतो. तो पुन्हा येऊन वाकलेल्या फांदीवर बसला, तेव्हा कुठे नीट दिसला: पिवळं पोट, लालभडक चोच, काळपट निळे पंख. तिबोटी खंड्या! जेमतेम १३ सेंटीमीटर, त्यात चोचच केवढी!

पायाला तीनच बोटं असतात म्हणे. दुर्बिणीतून मला एकही दिसलं नाही. ओळख पटते ती रंगांवरून आणि बारीक, टोकदार शिट्टीवरून. पावसाळ्यात कोकणात तो विणीला येतो, मातीच्या दरडीत बीळ कोरतो. चोचीत सापसुरळी होती, मासा नव्हे. फांदीवर चार वेळा आपटली, डोकं पुढे करून धरली आणि बिळात शिरला. मी लांबच थांबलो. फोटो हललेला आलाय.